सार्वजनिक काका : दुष्काळातील एक जागरूक नागरिक

कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशहाचे नाव आपल्या समाजातील लहान मुलांनाही ठाऊक असते. तेराव्या शतकातील भीषण दुष्काळात त्या थोर श्रावकाने आपली धान्याची कोठारे खुली केली. दुष्काळ म्हटला की आपणांस प्रथम दान आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या या पानांतून मला स्मरण करावयाचे आहे ते ज्यांच्यापाशी एकही कोठार नव्हते अशा एका पुणेकराचे. ते म्हणजे गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका.

काकांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. तरुणपणी ते पुण्यास आले, प्रारंभी कचेरीत नोकरी केली व पुढे वकिलीची परीक्षा देऊन वकील झाले. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. त्या मांडावयाच्या तर मांडणाऱ्यास अधिकार कोणता, असा प्रश्न आला. तेव्हा काकांनी लोकांकडून रीतसर मुखत्यारपत्रे लिहून घेतली आणि त्यातूनच २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा जन्मास आली. किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र असल्याखेरीज सभासद होता येत नसे. (आजच्या किती संस्था या कसोटीस उतरतील, याचा विचार विश्वस्त मंडळींनी अवश्य करावा.)

१८७२ पासून काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले. स्वतः सूत काढून त्याचेच कापड ते वापरीत. कापडाच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या मजसारख्यास या व्रताची किंमत अधिक कळते. विलायती गिरण्यांचे तलम कापड स्वस्तात मिळत असता जाडेभरडे हातसूत अंगावर वागविणे सोपे नव्हते. त्याच वेषात काका १८७७ च्या जानेवारीत दिल्ली दरबारास सभेतर्फे उपस्थित राहिले.

दिल्लीत असा थाट चालू असता इकडे दख्खन होरपळत होती. १८७६ चा पावसाळा बुडाला होता. सोलापूर, अहमदनगर, सातारा आणि पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग येथे हाहाकार उडाला. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, व्यापारीच धान्य आणतील, असे तत्कालीन सरकारचे धोरण होते. व्यापारी म्हणून सांगतो, हे अर्धेच खरे. रेल्वेने धान्य येतही होते. पण ज्या कुणब्याचे पीक गेले व गुरे मेली, तो ते घेणार कशाने? त्याच्या हाती मजुरी पडणे हाच त्याच्या जगण्याचा आधार होता. म्हणून सरकारने तलाव, रस्ते व नीरा कालव्यासारखी कामे काढली. जानेवारी १८७७ मध्ये मात्र काटकसरीसाठी मजुरी घटविण्यात आली. एक पौंड धान्याची किंमत आणि वर आणा-अर्धा आणा, एवढ्यात दिवसभर खडी फोडावयाची! हजारो मजुरांनी कामे सोडली.

अशा वेळी पुण्यात अन्नछत्र काढणे काकांस सहज सुचले असते, आणि ते पुण्यकर्मच ठरले असते. परंतु लाखो भुकेल्यांना पुरेल एवढी झोळी कोणाही नागरिकापाशी नव्हती. ती केवळ सरकारी खजिन्यापाशी होती. काका व न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पाठविली. पाऊस किती, भाव काय, मजुरी काय, गुरे किती उरली, गाव सोडून किती गेले, ही माहिती गोळा करून तिचे वृत्तांत सभेने एकामागून एक सरकारास धाडले. मजुरी वाढविण्यासाठी अर्ज केले. त्यांत हात जोडून केलेली याचना नव्हती, आकडे होते. माझ्या मते ही सेवा दानाच्या तोडीची आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतपाठोपाठ आपल्या धायरीजवळचे खडकवासला धरणही फुटले, तेव्हा पुण्यातील नागरिकांनी पूरग्रस्तांस आसरा दिला, अन्नवस्त्र पुरविले. मात्र गोखलेनगरसारख्या वसाहती उभारणे शासनासच शक्य होते. शेजाऱ्याची भाकरी पहिले काही दिवस निभावून नेते. पुढचे घर मागून घ्यावे लागते, आणि त्यासाठी मागणारा कोणी असावा लागतो.

दुष्काळाने पेटून उठलेल्या वासुदेव बळवंत फडके यांच्यावर १८७९ साली खटला चालला. वकीलपत्र घेण्यास कोणी धजेना, तेव्हा काका पुढे झाले. पुढच्याच वर्षी, २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी दुष्काळ कमिशनचा अहवाल आला आणि त्यावरून पुढे दुष्काळासंबंधीचे नियम तयार झाले. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सभेचे कार्यकर्ते तेच नियम घेऊन खेडोपाडी गेले व सारासूट, काम, मजुरी यांवरील हक्क शेतकऱ्यांस समजावून सांगू लागले. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.