विश्लेषण : बांधकाम प्रकल्पांच्या डेटाबेसमध्ये अचूक सर्च कसा करावा? ग्रंथपाल रंगनाथन यांनी दाखवलेली वाट

रस्ते, पूल आणि इमारतींच्या निविदा, नकाशे, चाचणी अहवाल आता डेटाबेसमध्ये साठवले जातात. तिथे नुसते ‘पूल’ टाइप केले, तर निकालांचा ढीग समोर येतो. लांबलचक वाक्य टाकले, तर एकही निकाल येत नाही. माती परीक्षणाचा जुना अहवाल सापडला नाही, तर तीच चाचणी पुन्हा करावी लागते. नकाशाची सुधारित प्रत नजरेतून सुटली, तर झालेले काम पाडण्याची वेळ येऊ शकते. हवे ते नेमके कसे शोधावे, या प्रश्नावर शियाली रामामृत रंगनाथन यांनी संगणक येण्यापूर्वीच आयुष्य खर्ची घातले.

कोण होते रंगनाथन?

रंगनाथन यांचा जन्म १८९२ मध्ये तत्कालीन मद्रास प्रांतातील शियाली येथे झाला. ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्याकडे ग्रंथालयाचे कोणतेही प्रशिक्षण नव्हते. त्या कामात त्यांचे मन रमेना. विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गाची सवय असलेल्या या शिक्षकाला तिथला एकांत नकोसा झाला आणि त्यांनी पुन्हा अध्यापनाकडे जाण्याची परवानगी मागितली. आधी लंडनला जाऊन प्रशिक्षण घ्यावे, मग निर्णय घ्यावा, असा मधला मार्ग निघाला.

लंडनमध्ये काय घडले?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी बर्विक सेयर्स यांच्याकडे वर्गीकरणाचे धडे घेतले आणि तिथली अनेक ग्रंथालये पाहिली. ड्युई यांच्या दशांश पद्धतीत विषयांचे कप्पे आधीच ठरलेले असत. एकाच पुस्तकात अनेक विषय गुंफलेले असले, की ते कोणत्या कप्प्यात ठेवायचे, हा पेच पडे. सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांना मेकॅनो या खेळण्याचे प्रात्यक्षिक दिसले. मोजक्या पट्ट्या आणि नटबोल्ट वापरून त्यातून कितीतरी वेगवेगळ्या वस्तू जोडल्या जात होत्या. विषयही असाच सुट्या भागांतून जोडता येईल, हे त्यांच्या लक्षात आले. भाग जोडणारा नटबोल्ट म्हणून त्यांनी कोलन हे विरामचिन्ह निवडले. १९२५ मध्ये ते परतले, ते ग्रंथपाल म्हणूनच राहण्यासाठी. १९३३ मध्ये त्यांचे ‘कोलन क्लासिफिकेशन’ प्रसिद्ध झाले.

पाच पैलूंचे सूत्र काय?

कोणताही विषय पाच पैलूंत उलगडता येतो, अशी मांडणी त्यांनी पुढे केली. मुख्य वस्तू, तिचे साहित्य, तिच्यावरील क्रिया, स्थळ आणि काळ हे ते पाच पैलू. बांधकामात हे सूत्र सहज लागू होते. उदाहरणार्थ, पूल हा मुख्य विषय, आरसीसी हे साहित्य, दुरुस्ती ही क्रिया, रत्नागिरी हे स्थळ आणि २०१९ हा काळ. सर्च करण्यापूर्वी गरजेचे असे तुकडे पाडले, की कोणता शब्द सर्च बॉक्समध्ये टाकायचा आणि जिल्हा, वर्ष यांसारख्या कोणत्या गोष्टी फिल्टरवर सोपवायच्या, हे स्पष्ट होते.

शब्द बदलला तर काय?

शोधणारा एक शब्द वापरतो आणि नोंद करणाऱ्याने दुसराच लिहिलेला असतो. कुणी ‘मोरी’ लिहितो, कुणी ‘कल्व्हर्ट’, तर कुणी ‘सीडी वर्क’. त्यामुळे समानार्थी शब्द, लघुरूपे आणि मराठी-इंग्रजी अशा दोन्ही नोंदी तपासाव्या लागतात. स्थळाचेही तसेच आहे. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. जुन्या कामांच्या कागदपत्रांत मात्र जुनी नावे आहेत. फक्त नवे नाव टाकले, तर ही कागदपत्रे निकालातून निसटू शकतात.

सूची तयार करण्यासाठी रंगनाथन यांनी ‘चेन इंडेक्सिंग’ ही साखळी पद्धत विकसित केली. तिच्यात विषयाच्या साखळीतील अर्थपूर्ण कड्यांवरून नोंदी तयार होतात. वाचक व्यापक शब्दाने आला काय किंवा नेमक्या शब्दाने, त्याला वाट मिळावी, हा हेतू. ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रंथसूचीने १९५० पासून ही पद्धत वापरली. डेटाबेसमध्येही निकाल शून्य आला, तर एकेक पैलू कमी करत जावे. आधी वर्ष, मग साहित्य. निकाल फार आले, तर एकेक पैलू वाढवावा. दोन-तीन शब्द सलग त्याच क्रमाने हवे असतील, तर अनेक डेटाबेसमध्ये ते अवतरणचिन्हात टाकता येतात.

सर्चची मर्यादा कुठे?

स्कॅन केलेल्या नकाशातील अक्षरे संगणकाला वाचता येत नसतील, तर कोणताही शब्द टाकून तो सापडणार नाही. अशा वेळी कामाचे नाव, ठिकाण, तारीख आणि सुधारणा क्रमांक यांची नोंद फाइल अपलोड करतानाच झालेली असावी लागते. वर्गीकरण हे ग्रंथपालाचे काम असले, तरी त्याचा फायदा वाचकाला होतो, हे रंगनाथन यांच्या कामाचे सार होते. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवणे हा त्यांपैकी चौथा. पाचव्या नियमात ग्रंथालय सतत वाढत राहते, हे त्यांनी सांगितले. डेटाबेसही तसाच वाढतो. आज एका शब्दात सापडणारी फाइल उद्या गर्दीत हरवू शकते.

आज त्यांचे काम कुठे दिसते?

रंगनाथन यांनी पुढे बनारस आणि दिल्ली विद्यापीठांत काम केले. १९५७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९६२ मध्ये बंगळूरु येथे त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे केले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. १२ ऑगस्ट हा दिवस देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

ब्रिटनच्या बांधकाम क्षेत्रात वापरली जाणारी ‘युनिक्लास’ ही वर्गीकरण पद्धत पैलूंच्या तत्त्वावरच बेतलेली आहे. इमारत, जागा, घटक, उत्पादने यांच्यासाठी तिच्यात स्वतंत्र तक्ते आहेत. ऑनलाइन खरेदी करताना किंमत, रंग, आकार असे फिल्टर लावणारा ग्राहकही नकळत हेच तत्त्व वापरत असतो.