पाचगणीचा फ्रेडी

आज २४ नोव्हेंबर. १९९१ साली याच तारखेस लंडनच्या केन्सिंग्टन भागातील एका उंच भिंतींच्या घरात फ्रेडी मर्क्युरी हा गायक वयाच्या ४५ व्या वर्षी मरण पावला. ‘क्वीन’ या रॉक वाद्यवृंदाचा तो मुख्य गायक. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्र येथे मूठ उंचावून उभा असलेला त्याचा पुतळा आहे. आज त्याच्या पायाशी फुले पडतील. लंडनमधील त्या भिंतीपाशी माणसे उभी राहतील आणि त्याच्या मृत्यूसमयी जन्मलेलीही नव्हती अशी मुले त्यांत असतील. इकडे सातारा जिल्ह्यात पसरणीचा घाट चढून एखादा परदेशी प्रवासी पाचगणीस येईल आणि सेंट पीटर्स शाळेचा रस्ता विचारील. ज्या वाटसरूला तो विचारील त्याला फ्रेडीचे नाव ठाऊक असेलच, अशी खात्री मात्र आम्हांस देता येत नाही.

पुढारी, समाजसुधारक आणि संतपुरुष यांच्यासाठी राखलेल्या या जागेवर एका रॉक गायकाचे चरित्र कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांस आमचे उत्तर इतकेच की, या माणसावर आपण अलीकडे हक्क सांगू लागलो आहोत. २०१८ साली त्याच्या जीवनावरील चित्रपट झळकला, त्याच्या नायकाला ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून तो आपला, पाचगणीचा, असे अभिमानाने म्हणण्याची चाल पडली आहे. हक्क सांगावयाचा तर हिशेबही नीट मांडला पाहिजे. त्याने आपल्याकडून काय नेले, आणि तो जसा होता तसा आपल्याला पचला असता काय, ही दोन्ही खाती उघडली पाहिजेत.

त्याचे मूळ नाव फारोख. बलसारा हे कुलनाम बलसाड, म्हणजे आजचे वलसाड, या गुजरातेतील गावावरून आलेले. घराणे पारशी. वडील बोमी बलसारा हे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत असलेल्या झांझिबार या लवंगांच्या बेटावर इंग्रज सरकारच्या कचेरीत रोखपाल होते. तेथे ५ सप्टेंबर १९४६ रोजी फारोखचा जन्म झाला. मुलगा आठ वर्षांचा झाला आणि चांगल्या शिक्षणासाठी त्याला बोटीने समुद्रापार मुंबईस व तेथून पाचगणीस धाडण्यात आले. पुढची आठएक वर्षे तो या टेबललँडच्या पायथ्याशी वसतिगृहात राहिला. घर दूर, बोटीचा प्रवास लांबचा. त्यामुळे पुष्कळशा सुट्ट्या मुंबईच्या नातलगांकडे काढाव्या लागत. वरच्या जबड्यात चार दात जादा असल्याने पुढचे दात बाहेर आलेले, आणि वसतिगृहातील मुले अशा बाबतीत किती निर्दय असतात हे ज्यांनी वसतिगृह पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. हे दात त्याने पुढे गाठी पैसा आल्यावरही काढून टाकले नाहीत. आवाज बिघडेल ही भीती त्याला होती.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षे शिक्षकी केली आहे. म्हणून या हकीकतीतील एका लहानशा गोष्टीपाशी आम्हांस थांबावेसे वाटते. रेडिओवर ऐकलेले गाणे हा मुलगा लगेच पियानोवर वाजवून दाखवितो, हे शाळेच्या ध्यानी आले. मुख्याध्यापकांनी आईवडिलांस पत्र घालून सुचविले की, थोडी जादा फी भरल्यास त्याला संगीताचे रीतसर शिक्षण देता येईल. आईवडिलांनी ती फी भरली. मुलगा चौथ्या श्रेणीच्या परीक्षेपर्यंत गेला, शाळेच्या गायकवृंदात गाऊ लागला आणि बाराव्या वर्षी चार मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढून बसला. त्यात तो पियानो वाजवीत असे. फारोखचा फ्रेडी झाला तोही येथेच, सवंगड्यांच्या तोंडी. पाचगणीचे देणे म्हणावयाचे ते हे, एवढे. मराठी भाषेची वा मराठी गाण्याची खूण त्याच्या संगीतात सापडत नाही, आणि ती ओढूनताणून शोधण्याचा खटाटोप कोणी करू नये. पण एका एकाकी मुलाचा कान कोणा शिक्षकाने ओळखावा आणि त्याची वेळीच तजवीज करावी, हे देणे आमच्या मते लहान नाही.

१९६३ च्या सुमारास तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली आणि हजारो अरब व हिंदी लोक मारले गेले. बलसारा कुटुंब जीव घेऊन इंग्लंडला निघाले आणि लंडनच्या विमानतळाजवळ फेल्टम येथे एका साध्या घरात राहू लागले. निर्वासिताचा हा मुलगा विमानतळावर सामान उचलण्याचे काम करी, कला महाविद्यालयात चित्रे काढी आणि केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकी. १९७० साली तो ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांना जाऊन मिळाला, वाद्यवृंदाचे ‘क्वीन’ हे नाव त्याने ठरविले, बोधचिन्हही स्वतःच रेखाटले आणि बलसारा हे आडनाव टाकून मर्क्युरी हे घेतले. झांझिबार व पाचगणी यांविषयी तो पुढे जाहीरपणे फारसे बोलला नाही. यावरून त्याला मूळ विसरल्याचा दोष देणारे आहेत. सावळ्या वर्णाच्या निर्वासिताला त्या काळच्या इंग्लंडमध्ये काय ऐकून घ्यावे लागे, हे त्यांनी आधी लक्षात घ्यावे.

फ्रेडीची थोरवी एकट्याची नव्हती, आणि त्याचे खरे चाहते हे कधी विसरत नाहीत. ब्रायन मे यांनी आपली गिटार वडिलांच्या मदतीने जुन्या शेकोटीच्या लाकडातून घरीच घडविली होती. खगोलशास्त्राचा अर्धवट सोडलेला प्रबंध त्यांनी २००७ साली पुरा करून डॉक्टरेट मिळविली. टेलर दंतवैद्यकाचे शिक्षण टाकून ढोल वाजवू लागले. १९७१ साली येऊन मिळालेले जॉन डीकन विद्युतशास्त्राचे पदवीधर. चौघांपैकी प्रत्येकाने जगभर गाजलेले गाणे रचले आहे, आणि असे दुसऱ्या वाद्यवृंदाबद्दल सहसा म्हणता येत नाही. भांडणे होत, ती पुष्कळदा श्रेयावरून आणि पैशांवरून होत. अखेर १९८९ पासून सारी गाणी चौघांच्या नावे लावावयाची असे ठरले, तेव्हा ती मिटली.

१९७५ सालचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणे फ्रेडीचे. जवळजवळ सहा मिनिटांचे. त्यात ध्रुपद नाही. आरंभी शोकगीत, मध्ये ऑपेरा, मग दणदणीत रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता. ऑपेराच्या भागातील समुदायगान शंभर माणसांचे वाटते. प्रत्यक्षात तिघेच जण दिवसचे दिवस गात राहिले आणि आवाजावर आवाजाचे थर चढत गेले. फीत इतक्यांदा फिरली की झिजून तिच्यातून उजेड दिसू लागला. एवढे लांब गाणे रेडिओ वाजविणार नाही, असे व्यापाऱ्यांचे मत पडले. फ्रेडीचा मित्र केनी एव्हरेट याने ते आपल्या कार्यक्रमात पुनःपुन्हा वाजविले, आणि मग ब्रिटनच्या यादीत ते नऊ आठवडे पहिले राहिले. फ्रेडीच्या मृत्यूनंतर तेच गाणे पुन्हा पाच आठवडे पहिले आले. दोन्ही वेळा नाताळ होता.

परंतु तबकड्यांतील फ्रेडी हा अर्धाच. उरलेला अर्धा हजारोंच्या समुदायापुढे उभा असे. १९७७ साली इंग्लंडमधील एका मैफलीनंतर वाद्यवृंद रंगमंच सोडून गेला तरी श्रोते आपल्याच तोंडाने गात राहिले. त्यावरून, श्रोत्यांना हाती धरून गाणी रचावीत, असे या मंडळींच्या मनाने घेतले. मे यांनी दोन वेळा पाय आपटून एकदा टाळी वाजविण्याचा ठेका बांधला. तो आज आपल्या क्रिकेटच्या मैदानांवरही ऐकू येतो आणि तो कोणाचा हे वाजविणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्याच जोडीने फ्रेडीने विजेत्यांचे गाणे रचले. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर झालेल्या जलशात ‘क्वीन’च्या वाट्याला वीसएक मिनिटे आली होती. फ्रेडीने एक स्वर टाकावा आणि ७२,००० लोकांनी तो परत द्यावा, असा सवाल-जबाब चालला. आपल्याकडील मुरलेला कीर्तनकार हेच करतो: ज्याला गाता येत नाही त्यालाही तो गावयास लावतो. त्या दुपारी कित्येक नामवंत गाऊन गेले. लोकांच्या स्मरणात राहिली ती ही वीस मिनिटे.

त्याच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. वर्णद्वेषी राजवटीवर जगभर बहिष्कार असताना १९८४ साली ‘क्वीन’ने दक्षिण आफ्रिकेत सन सिटी येथे जाऊन कार्यक्रम केले. आम्ही राजकारणी नाही, केवळ कलावंत आहोत, हा त्यांचा बचाव आम्हांस तेव्हाच्या टीकाकारांप्रमाणेच लंगडा वाटतो. वर्णाचे चटके घरात सोसलेल्या माणसाकडून तर ही अपेक्षा मुळीच नव्हती.

इतर कलावंतांपुढे मात्र तो विद्यार्थी होऊन उभा राही. १९८१ साली माँत्र येथे डेव्हिड बोवी यांच्याबरोबर बसल्या बैठकीत एक गाणे जुळून आले. पण त्याची खरी भक्ती होती ती स्पेनच्या ऑपेरा गायिका मॉन्सेरात कबाये यांच्यावर. १९८७ साली बार्सिलोना येथे भेट झाली तेव्हा तो घाबरलेला होता, असे त्याचे स्नेही सांगत. आपल्याकडील एखाद्या घरंदाज ख्यालगायिकेने सिनेमातल्या गायकाशेजारी बसून तबकडी भरावी, तसा हा प्रकार. दोन्हीकडचे सोवळे लोक हसले. १९८८ साली ‘बार्सिलोना’ प्रसिद्ध झाली. चार वर्षांनी त्या नगरीत ऑलिंपिक क्रीडा भरल्या, तेव्हा फ्रेडी नव्हता. १९९९ साली तेथील एका मोठ्या फुटबॉल सामन्यापूर्वी पडद्यावरील फ्रेडीबरोबर कबाये प्रत्यक्ष गायल्या.

१९८७ मध्येच त्याला आपल्या रोगाचे निदान कळले होते. एड्स हा शब्द उच्चारताना त्या वेळी इंग्लंडही चाचरत होते. वार्ताहर त्याच्या दारावर पहारे देत. तो गात राहिला. १९९१ च्या मे महिन्यात माँत्रच्या स्टुडिओत, पायांवर उभे राहण्याचे त्राण नसताना, त्याने एक गाणे म्हटले आणि शेवटचे कडवे नंतर गाईन म्हणून तो निघून गेला. ते गाणे १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील शेवटचे कडवे ब्रायन मे गायले आहेत. २३ नोव्हेंबरला त्याने रोगाची जाहीर कबुली दिली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. पारशी धर्मगुरूंनी त्याच्या देहापुढे प्रार्थना म्हटल्या. पुढील एप्रिलमध्ये वेम्ब्लीवर त्याच्या स्मरणार्थ जलसा झाला, आणि सहकाऱ्यांनी काढलेला ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ एड्सविरोधी कामास पैसा देऊ लागला.

आता दुसऱ्या खात्याकडे वळू. त्याचे प्रेम पुरुषांवर होते. ज्या स्त्रीशी त्याचा तरुणपणी स्नेह जडला, त्या मेरी ऑस्टिन अखेरपर्यंत त्याच्या जिवलग राहिल्या आणि घरही त्याने त्यांनाच दिले. पण त्याच्या शेवटच्या वर्षांचा सोबती जिम हटन हा होता. झांझिबारमध्ये २००६ साली त्याची साठावी जयंती साजरी करण्याचे घाटत होते, तेव्हा याच कारणास्तव धर्मनिष्ठांच्या एका संघटनेने विरोध केला आणि समारंभ रद्द झाला. तेथेच २०१९ मध्ये त्याचे संग्रहालय उघडले. आपण झांझिबारला हसू नये. फ्रेडी ज्या प्रकारचे जीवन जगला ते आपल्या देशात ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत, गुन्हा होते. त्याच्या चित्रपटाला आपण टाळ्या दिल्या त्या दोनच महिन्यांनी. १९८४ साली चौघांनी विनोदाने स्त्रीवेष करून एका गाण्याची चित्रफीत काढली, तर अमेरिकेने नाक मुरडले. बालगंधर्वांच्या शालूवर आणि पदन्यासावर जीव ओवाळून टाकणाऱ्या महाराष्ट्राला त्या अमेरिकेचे हसू यावे हे खरे; पण रंगभूमीवरच्या स्त्रीवेषाला आपण दिलेली मोकळीक घरातल्या मुलाला आपण कधी दिली नाही, हेही तितकेच खरे.

आणि तो रोग. नव्वदीच्या दशकात महाराष्ट्र हा देशातील एड्सने अधिक ग्रासलेल्या प्रांतांपैकी एक होता. मृत्यूचे कारण शेजाऱ्यांना वेगळेच सांगणारी घरे सांगली-सोलापूरकडेही होती आणि पुण्या-मुंबईतही.

पाचगणीत शाळांखेरीज आणखी एक जुनी संस्था आहे. क्षय हा शब्द कुजबुजत उच्चारला जाई त्या काळी, १९१२ साली, डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया या पारशी डॉक्टरांनी तेथे बेल एअर आरोग्यधाम काढले. फारोख सेंट पीटर्समध्ये पियानो शिकत होता तेव्हा क्षयरोगी तेथे हवापालटास व उपचारास येत. क्षयावर औषध निघाले, रोग्यांची रीघ ओसरली. पुढे रेडक्रॉसच्या हाती असलेल्या त्याच रुग्णालयाने एड्सच्या रोग्यांसाठी खाटा मांडल्या, आणि ज्यांना घरची दारे बंद झाली होती अशी माणसे पसरणीचा घाट चढून तेथे येऊ लागली. फ्रेडी तोवर हयात नव्हता.