गोंयचो सायब

संताचा सण ख्रिस्ती समाज बहुधा त्याच्या मृत्यूदिनी साजरा करतो, आपल्याकडच्या पुण्यतिथीसारखाच. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा ३ डिसेंबर हा असाच दिवस.

१५०६ साली स्पेनच्या बाजूच्या नवारमध्ये एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. पॅरिसला शिकताना इग्नेशियस लोयोलांची संगत लाभली आणि ते जेझुइट झाले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. इस्पितळात रोग्यांची सेवा करीत, हातात घंटा घेऊन गल्लोगल्ली मुलांना प्रार्थना शिकायला बोलावीत. पण गोव्यात ते राहिले थोडेच. तमिळ मुलखातला मच्छीमारांचा किनारा, मलाक्का, जपान अशी दहा वर्षे वणवण करून १५५२ मध्ये चीनच्या दाराशी एका बेटावर तापाने गेले. १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आला. १६२२ मध्ये ते संत ठरले.

१५४६ साली त्यांनीच पोर्तुगालच्या राजाकडे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, मागितले होते. १५६० मध्ये ते आले आणि गोव्याने पुष्कळ सोसले. हे विसरून चालणार नाही.

तरीही नऊ दिवसांच्या नोव्हेनानंतर जुन्या गोव्यात फेस्ताला गर्दी लोटते. तीत पायी आलेले भाविक असतात, हिंदूही असतात. मेणबत्ती लावायची, बाँ जेझूसला हात जोडायचे, फेरीतले खाजे घेऊन घरी परतायचे. इतिहासातले झेवियर एक. लोकांनी साडेचार शतकांत आपल्या गरजेप्रमाणे घडवलेला सायब दुसरा. फेस्त होते ते या दुसऱ्याचे.