जॉर्ज सायमन ओहम

जर्मनीतील एर्लांगेन गावात १६ मार्च १७८९ रोजी जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर होते. ते शाळेत फारसे शिकले नव्हते; पण पुस्तके वाचून त्यांनी गणित शिकून घेतले आणि आपल्या मुलांनाही शिकवले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना त्याची आई वारली.

१८१७ मध्ये ओहम कोलोन शहरातील एका शाळेत शिक्षक झाले. शिकवण्याचे काम सांभाळून ते प्रयोग करत. तारेतून किती वीज वाहील, हे कशावर ठरते? हा त्यांचा प्रश्न होता. त्या काळच्या बॅटरीचा जोर सारखा कमी-जास्त होई, त्यामुळे आकडे जुळत नसत. मग १८२६ मध्ये त्यांनी तांबे आणि बिस्मथ या धातूंचे दोन सांधे केले. एक उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. त्यातून थोडीच, पण स्थिर वीज मिळाली. एकाच जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या आठ तारा जोडून त्यांनी मोजमाप केले. तार जितकी लांब तितका रोध जास्त. तार जितकी जाड तितका रोध कमी. परीक्षेत हे एका ओळीत लिहिता येते, शोधायला मात्र वर्षे लागली!

वायरमनला हा नियम रोज लागतो. समजा, घरापासून ५० मीटरवर विहिरीचा पंप आहे आणि तो १० अँपिअर वीज घेतो. वीज जाते आणि परत येते, म्हणून तार धरायची १०० मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध तेवढ्या लांबीत सुमारे १.२ ओहम असतो. म्हणजे १२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि तार तापते. चार चौरस मिलिमीटरची तार घातली, तर पाच व्होल्टही जात नाहीत.

ओहम यांनी १८२७ मध्ये आपला नियम पुस्तकात मांडला. विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्यांना आशा होती. पण अनेक विद्वानांनी पुस्तकाकडे लक्षच दिले नाही. निराश होऊन त्यांनी कोलोनची नोकरी सोडली. पुढची काही वर्षे ओढाताणीत गेली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. म्युनिकच्या विद्यापीठात ते प्राध्यापक झाले १८५२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, त्यांचे निधन झाले.

रोधाच्या एककाचे ओहम हे नाव पॅरिसच्या विद्युत परिषदेने १८८१ मध्ये स्वीकारले.