बुद्धीची मोजपट्टी : आल्फ्रेद बीने

वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. तो मागे का पडतो आणि त्याला पुढे कसे नेता येईल, याचा शोध घेणे मात्र कष्टाचे काम आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिस शहरात आल्फ्रेद बीने या मानसशास्त्रज्ञाने हे काम हाती घेतले. बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त चाचणी त्यांच्या नावाने ओळखली जाते.

बीने यांचा जन्म जुलै १८५७ मध्ये नीस येथे झाला. वडील वैद्यकीय व्यवसायात होते, आई चित्रकार होती. आईवडील विभक्त झाल्यावर आईने त्यांना पॅरिसमध्ये वाढविले. १८७८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळविली, पण वकिलीत त्यांचे मन रमले नाही. वैद्यकाचा अभ्यास सुरू केला, तोही अर्धवट राहिला. मग ते राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन मानसशास्त्राचे ग्रंथ वाचू लागले. ज्या विषयात त्यांनी पुढे कीर्ती मिळविली, त्याचे पहिले धडे त्यांना कोणत्याही शिक्षकाने दिले नव्हते.

एकट्याने शिकणाऱ्याला एक धोका असतो. त्याच्या चुका दाखविणारे जवळ कोणी नसते. बीने यांना हा अनुभव लवकरच आला. साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या विख्यात डॉक्टरांच्या हाताखाली ते संमोहनाचे प्रयोग करीत होते. संमोहित रुग्णाच्या शरीराजवळ लोहचुंबक फिरविला की एका बाजूची लक्षणे दुसऱ्या बाजूला जातात, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने प्रसिद्ध केले. बेल्जियमच्या देल्बफ या अभ्यासकाने हे प्रयोग स्वतः पाहिले आणि त्यातील दोष उघड केला. रुग्णाकडून काय अपेक्षित आहे, हे तिच्यासमोरच मोठ्याने बोलले जात होते. तिला ते ऐकू येत होते व ती तसे वागत होती. चुंबकाचा त्यात काही भाग नव्हता. बीने यांनी आधी जोरदार वाद घातला, परंतु अखेरीस आपली चूक जाहीरपणे मान्य केली. १८९० मध्ये त्यांनी ते रुग्णालय सोडले.

हा अपमान त्यांच्या पुढील संशोधनाचा पाया ठरला, असे म्हणण्यास हरकत नाही. दुसऱ्याच्या शब्दांनी किंवा अपेक्षेने आपले मत नकळत बदलते, याला मानसशास्त्रात सूचन म्हणतात. बीने यांनी १९०० मध्ये या विषयावर संपूर्ण ग्रंथ लिहिला. एका प्रयोगात त्यांनी मुलांना क्रमाने लांब होत जाणाऱ्या रेषा दाखविल्या आणि नंतरच्या रेषा सारख्याच लांबीच्या ठेवल्या. पुष्कळ मुले त्या रेषाही वाढतच आहेत असे सांगत राहिली. दुसऱ्या प्रयोगात पुठ्ठ्यावर चिकटविलेले बटण दाखवून, ते कोणत्या रंगाच्या दोऱ्याने शिवले होते असे विचारले. दोरा नव्हताच, तरी काही मुलांनी त्याचा रंग सांगितला. उलटतपासणी करणाऱ्या वकिलांनी आणि रागावून प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांनी हा प्रयोग जरूर ध्यानात घ्यावा.

१८९१ पासून बीने सॉर्बोन विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत आरंभी विनावेतन काम करू लागले आणि काही वर्षांतच तिचे संचालक झाले. परंतु त्यांची खरी प्रयोगशाळा घरातच होती. मादलेन आणि आलीस या आपल्या दोन मुलींचे त्यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण केले. चालायला शिकताना मादलेन एकेक पाऊल जपून, आधार पाहून टाकी. आलीस पडण्याची पर्वा न करता खोलीभर धडपडत फिरे. मोठेपणीही एकीचे लक्ष एकाग्र, तर दुसरीचे कल्पनेत रमणारे राहिले. घर एक, आईवडील एक, तरी मनाची घडण निराळी. व्यक्तिभेदाचा हा धडा बीने यांना घरच्या जमिनीवर मिळाला.

त्या काळी बुद्धी मोजण्यासाठी डोके मोजण्याची पद्धत प्रचलित होती. बीने यांनीही शाळाशाळांतून फिरून हुशार व मागासलेल्या मुलांची डोकी मोजली. फरक निघाला तो इतका अल्प की त्यावरून कोणा एका मुलाविषयी काही सांगणे अशक्य होते. शिवाय त्यांना स्वतःच्या हाताचाही संशय येऊ लागला. हुशार मुलाचे डोके मोठे निघावे या अपेक्षेने आपण नकळत माप वाढवून तर घेत नाही ना? साल्पेत्रिएरचा धडा ते विसरले नव्हते. मोजपट्टी त्यांनी बाजूला ठेवली.

फ्रान्समध्ये १८८२ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. सर्व थरांतील मुले शाळेत आली आणि काही मुलांना नेहमीचा वर्ग झेपत नाही, हे दिसू लागले. अशा मुलांसाठी काय करावे हे ठरविण्यासाठी सरकारने १९०४ मध्ये एक आयोग नेमला व त्यात बीने यांना घेतले. मुले ओळखायची कशी, हा पहिला प्रश्न होता. शिक्षकांच्या मतावर सोडले, तर खोडकर मुलाला वर्गाबाहेर काढण्याचा मोह होणार. डॉक्टरांच्या दाखल्यांवर सोडले, तर एकाच मुलाविषयी दोन डॉक्टर दोन निदाने लिहीत.

तरुण डॉक्टर तेओदोर सीमॉं यांच्या साहाय्याने बीने यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची चाचणी तयार केली. जळती काडी हलविली असता नजर तिच्यामागे जाते का, येथून तिचा आरंभ होता. पुढे चित्रातील वस्तू ओळखणे, ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे, दोन वजनांतील जड कोणते ते सांगणे, दिलेल्या तीन शब्दांचे वाक्य करणे, असे प्रश्न क्रमाने कठीण होत जात. पाठांतरापेक्षा समज आणि विचार यांची पारख करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. १९०८ च्या सुधारित चाचणीत प्रश्नांची वयानुसार मांडणी केली. आठ वर्षांची बहुतेक मुले जे प्रश्न सोडवितात ते एखाद्या दहा वर्षांच्या मुलाने सोडविले व पुढचे त्याला जमले नाहीत, तर त्याचे मानसिक वय आठ मानावे, अशी ही कल्पना होती.

बुद्धी जन्मतःच ठरलेली आणि न वाढणारी असते, हे मत बीने यांना मुळीच मान्य नव्हते. मागे पडलेल्या मुलांच्या खास वर्गांसाठी त्यांनी मनाचे व्यायाम सुचविले. मूर्तीसारखे निश्चल उभे राहणे हा त्यांतील एक होता. काही क्षण दाखविलेल्या नऊ वस्तूंची नावे आठवून लिहिणे हा दुसरा. एकदा हे वर्ग पाहण्यास आलेल्या लोकप्रतिनिधींनी तो करून पाहिला, तेव्हा त्यांना या ‘मंद’ मुलांइतक्या वस्तू आठवेनात. ते चकित झाले. मुलांनी केलेला सराव त्यांच्या लक्षात आला नव्हता, अशी नोंद बीने यांनी केली आहे.

ऑक्टोबर १९११ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी बीने यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचविली. १९१६ मध्ये अमेरिकेत लुइस टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणून बुद्धिगुणांक रूढ केला. मदतीसाठी केलेली चाचणी आता माणसावर शिक्का मारू लागली. अमेरिकेच्या काही राज्यांत मंदबुद्धी ठरविलेल्या स्त्री-पुरुषांची सक्तीने नसबंदी करण्याचे कायदे झाले. १९२७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा एक कायदा वैध ठरविला. त्या खटल्यातील तरुणीचे मानसिक वय नऊ असल्याचा आकडा पुराव्यात मांडला गेला होता.

चाचणी आपल्याकडेही आली. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातील मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी तिचे रूपांतर केले, कारण फ्रेंच किंवा इंग्रज मुलाला ठाऊक असलेली वस्तू आपल्या मुलाला ठाऊक असेलच असे नाही.

बीने यांचे सहकारी सीमॉं १९६१ पर्यंत जगले. बुद्धिगुणांकाचा जगभर झालेला प्रसार त्यांनी पाहिला. आपण दोघांनी ज्या हेतूने चाचणी तयार केली, त्या हेतूचा हा विश्वासघात आहे, असे त्यांचे अखेरपर्यंत मत होते.