अंगणातली ती मोठी ‘माशी’ माशी नाहीच! ओळख शिकवणारा लिनियस कोण होता?

इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींतल्या भोकांत मोठाले तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा असलेले कीटक ये-जा करताना दिसतात. मिठाईच्या पाकावरही तेच घिरट्या घालतात. आपण त्यांना गांधीलमाशी म्हणतो आणि रॉकेल शोधायला लागतो. प्रत्यक्षात ती माशी नाही. खऱ्या माशीला दोनच पंख असतात, हिला चार. पंखांवरून कीटकांची विभागणी करून जगाला शिस्त लावणारा माणूस स्वीडनचा होता आणि भारतात कधी आलाच नाही. त्याचे नाव कार्ल लिनियस.

जन्म २३ मे १७०७, रोशुल्ट गावी. वडील पाद्री, पण बागेचा नाद असलेले. कार्ल वैद्यक शिकायला लुंड आणि मग उप्सालाला गेला. १७३२ मध्ये त्याने एकट्याने लॅपलँड पालथा घातला. १७३५ मध्ये हॉलंडमध्ये पदवी घेतली आणि त्याच वर्षी ‘सिस्टेमा नॅचुरे’ हे जेमतेम डझनभर पानांचे पुस्तक छापले. पुढे १७४१ पासून तो उप्सालात वैद्यकाचा प्राध्यापक होता आणि पुस्तक मात्र फुगत राहिले. १७५८ ची दहावी आवृत्ती (सॉफ्टवेअरच्या भाषेत व्हर्जन १०) निघाली, तेव्हा प्राण्यांचाच खंड आठशेहून अधिक पानांचा झाला होता.

याच आवृत्तीत प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव मिळाले. त्याआधी एका कीटकाचे नाव म्हणजे लॅटिनचे अख्खे वाक्य असे. कीटकांचे त्याने सात गट केले. दोन पंखांच्या माश्या वेगळ्या, पातळ पडद्यासारख्या चार पंखांचे हायमेनॉप्टेरा वेगळे. मधमाशी, गांधीलमाशी, मुंगी या दुसऱ्या गटात.

चुकाही केल्या. मधमाशीला त्याने ‘मध वाहणारी’ अर्थाचे मेलिफेरा नाव दिले. ती मध वाहत नाही, बनवते, हे लक्षात आल्यावर १७६१ मध्ये नाव बदलले. पण आधीचे नाव ग्राह्य, या नियमाने जुनेच टिकले.

आपल्याकडच्या दोन गांधीलमाश्यांची नावे त्याचीच. काळी, पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली व्हेस्पा ट्रॉपिका १७५८ ची, तर वर सांगितलेली तांबूस व्हेस्पा ओरिएंटॅलिस १७७१ ची. आग्या मोहोळाच्या माशीचे नाव मात्र त्याचा शिष्य फॅब्रिशियसने १७९३ मध्ये दिले. तोवर गुरू जाऊन पंधरा वर्षे झाली होती. १७७४ मध्ये झटका येऊन लिनियसची तब्येत ढासळली आणि १० जानेवारी १७७८ ला उप्सालात तो गेला. त्याचा संग्रह इंग्रज जेम्स एडवर्ड स्मिथने विकत घेतला. तो आजही लंडनमध्ये आहे.

आता अंगणात. उडत्या कीटकाचे पंख मोजणे अवघडच, शिवाय गांधीलमाशीचे पुढचे-मागचे पंख एकमेकांत अडकतात आणि दोनच भासतात. म्हणून कंबर बघा, तीही लांबूनच. बारीक कंबर आणि लांब मिशा असतील तर डंख असू शकतो. कंबर जाड, मिशा आखूड आणि डोळे डोकेभर असतील तर ती गांधीलमाशीचे सोंग घेतलेली निरुपद्रवी माशी. लाकूड पोखरणारा काळा भुंगा आणि चिखलाचे घर बांधणारी कुंभारीण सहसा वाटेला जात नाहीत. पोळे दिसले तर दगड किंवा धूर नको. डंखानंतर चेहरा सुजला, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.