कुर्तुबाच्या लुबना : खलिफांच्या दफ्तरातल्या कातिबा

अंदालुसचं नाव निघालं की आपल्या घरांत कुर्तुबाची मशीद आठवते, इक्बालांची नज्म आठवते. पण त्याच शहरात हजार वर्षांपूर्वी एक बाई खलिफांच्या दफ्तरात कलम चालवत होती, हे आपण मुलींना क्वचितच सांगतो. त्यांचं नाव लुबना.

खलिफा हकम दुसरे (कारकीर्द इ.स. ९६१ ते ९७६) यांच्या त्या कातिबा होत्या. कातिब म्हटलं की आपल्याला उर्दू अखबार हाताने लिहिणारे खुशनवीस आठवतात. दरबारातला कातिब मात्र आपल्या चिटणीसासारखा. खलिफांची पत्रं, फर्मानं त्याच्या हातून जायची. त्यासाठी भाषा पक्की हवी, अक्षर सुंदर हवं आणि तोंड बंद ठेवता यायला हवं.

हकम यांना किताबांचं वेडच होतं. ‘किताबुल अगानी’च्या प्रतीसाठी त्यांनी एक हजार दीनार पाठवल्याचं सांगतात. त्यांच्या कुतुबखान्यात चार लाख किताबं होती, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. इब्ने हज्म यांनी तिथल्या कारभाऱ्याकडून ऐकून नोंदवलंय की नुसत्या नावांच्या याद्याच ४४ वह्यांत होत्या. प्रत्येक वहीत ५० पानं, काही प्रतींत २०. पन्नास धरली तरी पानाच्या एकेका बाजूला नव्वद नावं बसवावी लागतील. आम्ही फळ्यावर हिशेब मांडून पाहिला, चार लाख जरा जास्तच वाटतात. निम्मी धरली तरी छापखाना नसलेल्या काळात ती एकेक ओळ कुणीतरी हाताने लिहिलेली.

लुबना यांची माहिती येते ती कुर्तुबाच्याच इब्ने बश्कुवाल यांच्या ‘किताबुस्सिला’त. ते बाराव्या शतकातले, म्हणजे बऱ्याच नंतरचे. नोंद चार ओळींची. लिखाणात तरबेज, नह्व जाणणाऱ्या, शायरा, हिशेबात हुशार, छंदशास्त्रात पारंगत, अक्षर देखणं. महालात त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. इंतेकाल हिजरी ३७४, म्हणजे इ.स. ९८४च्या सुमारास. बस्स.

आज मोबाईलवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये मात्र त्या कुतुबखान्याच्या प्रमुख आहेत, किताबं आणायला काहिरा-दमिश्कला जातात, आणि गल्लीतली पोरं त्यांच्यामागे पाढे म्हणत चालतात. पाढ्यांची गोष्ट आम्हा मास्तर लोकांना भारी आवडते, वर्गात एकदा सांगूनही बसलो. पण इब्ने बश्कुवाल यांच्या त्या चार ओळींत यातलं काहीच नाही. मुलींना सांगायला त्या चार ओळी कमी आहेत का? व्याकरण, गणित, शायरी आणि राज्याचं दफ्तर, चारही एका बाईच्या हाती.

हकम गेल्यावर गादीवर लहान मुलगा आला आणि सत्ता मन्सूर यांच्याकडे गेली. त्यांनी फलसफा आणि नुजूमच्या किताबा वेगळ्या काढून नष्ट करवल्या. पुढे १००९पासूनच्या यादवीत उरलेला खजिना विकला गेला, लुटला गेला. हकम यांच्यासाठी नकल केलेली हिजरी ३५९ची एक प्रत फासच्या करवियीन कुतुबखान्यात सापडली.

लुबना यांच्या हातचा एकही कागद उरलेला नाही. कुर्तुबात, आजच्या कोर्दोबात, एका रस्त्याला त्यांचं नाव आहे, आणि पाटीवर नावासोबत त्यांचं कामही लिहिलंय : कातिबा.